फेल्को २ छाटणी कात्री : म्हार्दोळच्या परसात दोन पावसाळे वापरून झाल्यावर

लाल मुठीची ही कात्री माझ्या हातात येऊन दोन पावसाळे झाले म्हणून आता लिहितेय, नाहीतर नवीन वस्तूचं कौतुक पहिल्या आठवड्यात कुणीही करतं. आणि गोव्यात लोखंडाच्या कुठल्याही वस्तूची परीक्षा जून ते सप्टेंबरमध्येच होते, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते तिथे कात्रीचं काय होणार ते तुम्हीच समजा.

आधी माझं परस सांगते म्हणजे कात्रीकडून मला काय हवं होतं ते कळेल. आम्ही म्हार्दोळला राहतो, घरामागे जागा फार नाही पण आहे ती सगळी लावलेली. साधारण चाळीस मिरच्या, त्यातल्या निम्म्या ग्रो बॅगमध्ये, पंधरा-वीस वांगी, टोमॅटो, कुंपणाला जाई, दारात मोगरा, आणि मागे एक मानकुराद आंबा जो सासऱ्यांनी लावलाय आणि ज्याला हात लावायचा तर आईंना म्हणजे सासूबाईंना विचारावं लागतं. माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेत वाढले, त्यामुळे कात्री हा विषय माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे. एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरमधली फळछाटणी, मग बगलफुटी (पानाच्या बगलेतून येणारी नवी फूट) काढायच्या, शेंडा खुडायचा, पानं विरळ करायची, हे सगळं बघत मोठी झाले. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला नवल वाटलं की एवढी सुंदर झाडं लावतात पण खालची फांदी कुणी काढत नाही, मिरचीचं झाड जमिनीपासून शेंड्यापर्यंत झुडूप होऊन बसलेलं. आणि मग जुलैत खालची पानं पिवळी, काळे ठिपके, गळ, आणि सगळे म्हणणार पावसानं गेली.

पावसानं जातात हे खरंच आहे, पण कशी जातात ते बसून बघितलं तर कळतं. मी एकदा पडवीत बसून मिरचीच्या बॅगेकडे बघत होते, जोराची सर आली, आणि प्रत्येक थेंब मातीवर आपटला की लाल माती उडून पानांच्या खालच्या बाजूला चिकटत होती, साधारण वीतभर उंचीपर्यंत. सर थांबल्यावर मी पान उलटून बघितलं तर खाली बारीक बारीक लाल ठिपके, जसं कुणी ब्रश झटकलाय. त्या मातीबरोबर बुरशीचे बीजाणू पानावर येऊन बसतात, वरून झाड दाट म्हणजे वारा नाही, पान सुकत नाही, मग रोगाला अजून काय पाहिजे. म्हणून खालचा वीतभर-दीड वीत भाग मोकळा करायचा. शिवाय ती खालची पानं सावलीत असतात, ऊन मिळत नाही, ती झाडाला फारसं काही कमवून देत नाहीत, आणि खालच्या फांद्यांना लागलेली मिरची बारीक राहते, जमिनीला टेकते, कुजते.

तर हे सगळं कळत असूनही मी सुरुवातीला घोळ घातला, आणि तो कात्रीमुळे आणि माझ्या घाईमुळे, दोन्हीमुळे.

पहिली कात्री ऑनलाइन मागवलेली, साडेतीनशेची, नाव लिहीत नाही. फोटोत चकाचक. ती होती सुरी आणि पोळपाट पद्धतीची, म्हणजे एक धारदार पातं आणि खाली सपाट पट्टी, पातं येऊन पट्टीवर आदळतं. इकडच्या भाषेत सांगायचं तर अडकित्ताच. अडकित्ता सुपारीला बरोबर, सुकी कडक वस्तू दाबून फोडायची असते. वाळलेली काटकी तोडायलाही ही पद्धत चांगली. पण वांग्याचा हिरवा, पाण्यानं भरलेला देठ तिने कापला की देठ चेपायचा, कापलेलं तोंड बघितलं तर सरळ गोल नाही, चपटं, कडेला साल सुटून लोंबलेली. कोरड्या दिवसात असली जखम कशीबशी सुकते. आमच्याकडे जुलैत ती सुकत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळी पडते आणि काळेपणा देठावरून खाली उतरायला लागतो. वर त्या कात्रीची स्प्रिंग उडून गवतात पडायची, मी वाकून शोधत बसायची, आणि एक दिवस मिळालीच नाही.

पण खरं नुकसान वेगळंच झालं. ऑगस्ट महिना, आगशीची वांगी लावलेली (ही आमच्या गोव्याची खास जात, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, भाजायला यासारखं वांगं नाही), एक झाड दुपारी मान टाकून उभं. पानं हिरवीच, पिवळी नाहीत, फक्त लोळलेली. मला वाटलं पाणी जास्त झालं असेल, मी त्याच्या दोन फांद्या कापून टाकल्या, आणि तीच कात्री घेऊन पुढच्या झाडाच्या खालच्या फांद्या काढायला गेले, मग त्याच्या पुढच्या. दहा-बारा दिवसांत ओळीतली सात झाडं तशीच मान टाकून. तेव्हा ओळखीच्या एका कृषी पदवीधर मुलाने सांगितलं, काकी, देठ कापून पाण्याच्या ग्लासात धरून बघा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं, बोटभर लांब देठाचा तुकडा कापून त्याचं तोंड पाण्यात बुडवून हलवलं नाही, नुसता धरला. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखा पांढुरका धागा खाली सरकायला लागला, अगदी हळू, उदबत्तीचा धूर उलटा खाली यावा तसा. मला अजून तो ग्लास डोळ्यांसमोर दिसतो. ही जिवाणूची मर, माती आणि पाण्यातून पसरते, आणि हत्यारावरूनही. म्हणजे जातीचा दोष होता, मातीत रोग होताच, पण एका झाडावरून दुसऱ्यावर घेऊन जाणारी मी होते. आपल्याकडच्या दमट हवेत आणि आम्ल मातीत हा रोग नवा नाही, जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, केंद्राने मर न येणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्यात त्या याच कारणाने. ज्यांची जागा एकदा या रोगाने बाधलीय त्यांनी तिथून रोपं किंवा बियाणं घ्यावं, आणि त्याच जागी परत वांगं, टोमॅटो, मिरची लावू नये, सगळी एकाच घरातली.

त्या वर्षी भावजी, म्हणजे माझे दीर, ते तारवटी आहेत, शिपवर असतात, चवथीला म्हणजे गणपतीला घरी आले तेव्हा हे सगळं रामायण मी त्यांना ऐकवलं. ते फार बोलत नाहीत. पुढच्या खेपेला येताना बॅगेतून ही कात्री काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, वयनी, ही घ्या, तिकडे द्राक्षवाले हीच वापरतात.

आता कात्रीबद्दल. फेल्को ही स्वित्झर्लंडची कंपनी, १९४५ पासूनची, फक्त कापायची हत्यारं करणारी. दोन नंबरचं मॉडेल त्यांचं सगळ्यात ओळखीचं. लांबी साडेएकवीस सेंटिमीटर, वजन २४० ग्रॅम, साधारण अडीच सेंटिमीटर जाडीपर्यंतची फांदी कापते. मूठ अल्युमिनियमची, वर लाल आवरण, म्हणून गवतात ठेवली तरी लांबून दिसते, आणि परसात काम करणाऱ्या बाईला याची किंमत कळेल. ही बायपास पद्धतीची, म्हणजे कातरीसारखी, धारेचं पातं खालच्या आकड्याला (वाकड्या, जाड, बिनधारेच्या पट्टीला) घासून बाजूने निघून जातं, कशावर आदळत नाही. त्यामुळे हिरवा देठ चेपत नाही. मी पहिल्या दिवशी मिरचीची एक बगलफूट कापली आणि कापलेलं तोंड बोटाने चाचपून बघितलं, गुळगुळीत, काकडीची चकती कापल्यासारखं. आवाजही वेगळा, कचकच नाही, एक बारीक च्यट असा. पावसाळ्यात अशा जखमेवर खपली धरायला वेळ लागत नाही, मी मोजून बघितलंय, उघडीप असेल तर दोन दिवसांत तोंड सुकून राखाडी होतं.

एक गोष्ट मात्र बायपास कात्री घेणाऱ्या बहुतेकांना कुणी सांगत नाही. धारेचं पातळ पातं झाडाकडच्या बाजूला ठेवायचं आणि जाड आकडा टाकायच्या फांदीच्या बाजूला. उलटी धरली तर आकड्याचा दाब झाडावर राहणाऱ्या भागावर येतो आणि तिथे खुंटही उरतो. आमच्या तासगावला बागेत कामाला येणाऱ्या बायका हे न बघता करतात, हाताला सवयच. मला इथे शेजारच्या दोघींना शिकवायला चार दिवस लागले, पण एकदा हातात बसलं की बसलं.

दुसरं म्हणजे ही कात्री पूर्ण उघडता येते. मधला नट काढला की पातं वेगळं, स्प्रिंग वेगळी, सगळे सुटे भाग वेगळे मिळतात, पातं झिजलं तर नुसतं पातं बदलायचं. माझ्या मते गोव्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, धारेपेक्षाही. कारण इथे कात्री झिजून मरत नाही, ओल धरून मरते. जी उघडून पुसता येत नाही तिच्या सांध्यात पाणी आणि झाडाचा चीक राहणार, आणि तोच चीक उद्या दुसऱ्या झाडाला लागणार. साडेतीनशेवाल्या कात्रीला मधे रिव्हेट होता, उघडायची सोयच नाही, सांध्यातली काळी घाण मी सुईने टोकरून काढायची.

माझा रोजचा नेम लिहिते. सर्जिकल स्पिरिटची छोटी बाटली आणि जुन्या सुती साडीचा फडका एप्रनच्या खिशात. प्रत्येक झाड झालं की पातं दोन्ही बाजूंनी पुसायचं, प्रत्येक झाड, फक्त आजारी दिसणारं नाही, कारण आजारी झाड पहिले काही दिवस आजारी दिसत नाही. काहीजण ब्लीचच्या पाण्यात बुडवा म्हणतात, ते जंतू मारतं पण पोलादाला खातं, मी वापरत नाही. काम संपलं की कोरडी पुसून शिवणयंत्राचं तेल एक थेंब सांध्यात, एक थेंब पात्यावर पसरून. खोबरेल घरात असतं म्हणून मी आधी ते लावलं, ते महिन्याभरात चिकट होऊन धूळ धरायला लागलं, तेव्हा ते नको. पहिल्या पावसाळ्यात एकदा मी ती रात्रभर पडवीत ओली विसरले आणि सकाळी पात्यावर केशरी पूड दिसली, पोलाद आहे, आमच्या हवेत गंजणारच, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने दोन मिनिटांत गेली, खड्डा पडला नव्हता. त्यानंतर तांदळाच्या डब्यासारखा एक प्लास्टिकचा डबा केलाय, आत सिलिका जेलच्या पुड्या, कात्री त्यात राहते.

आता छाटणी कशी करते ते, कारण कात्रीचा रिव्ह्यू छाटणीशिवाय अर्धाच.

मिरचीचं रोप वीतभर-दीड वीत वाढलं की त्याला वाय आकाराची पहिली फांदी फुटते आणि त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. ते पहिलं फूल मी काढून टाकते, जीव दुखतो पण काढते, नाहीतर लहान रोप सगळी ताकद त्या एका मिरचीत घालतं. बेचक्याच्या खाली खोडावर ज्या फुटी येतात त्या सगळ्या काढायच्या, पण एका दिवसात नाही. आधी जमिनीला टेकणाऱ्या, मग आठवड्याने त्याच्या वरच्या. एका वेळी झाडाच्या पाव हिश्शाहून जास्त हिरवा भाग काढायचा नाही हा माझा कायदा. पान हेच झाडाचं चुलाण, तेच विझवलं तर शिजवणार कशावर. फूट बोटाएवढी कोवळी असेल तर कात्री लागतच नाही, अंगठ्याने बाजूला मोडली की सुटते. कात्री पेन्सिलीच्या जाडीपासून पुढे. आणि पावसात, किंवा पानं ओली असताना कधीही नाही. सकाळी ऊन पडून पानं सुकली की कापायचं म्हणजे दिवसभरात जखम सुकते, संध्याकाळी कापलं तर ओल्या रात्रीला सामोरी जाते.

टोमॅटोत आधी जात बघायची. जी झुडपासारखी वाढून थांबते तिच्या बगलफुटी काढल्या तर फळंच कमी येणार, तिची फक्त मातीला लागणारी पानं काढा. जी वेलासारखी वर वर जाते तिच्या बगलफुटी काढून काठीला बांधा आणि पहिल्या घोसाखालची पानं हळूहळू कमी करा. नर्सरीवाल्याला विचारूनच घ्या, नंतर डोकं धरून बसण्यापेक्षा.

वांग्याचं तंत्र वेगळं, पहिला बहर संपल्यावर झाड म्हातारं दिसायला लागतं तेव्हा मी त्याला गुडघ्याच्या खाली आणते, निरोगी असेल तरच, शेणखत आणि माती देते, नवी फूट येते आणि परत वांगी. या जाड खोडाला फेल्को लागते, साडेतीनशेवाली इथे वाकली होती.

एक चूक मी मार्चमध्ये केली ती तुम्ही करू नका. पावसाळ्यात मोकळं करून एवढा फायदा झाला म्हणून उन्हाळ्यातल्या टोमॅटोचीही तशीच पानं काढली. आठवड्यात फळांच्या पश्चिमेकडच्या गालावर पांढरे, कागदासारखे चट्टे. ऊन लागलं. आपल्या कोकणपट्टीच्या मार्च-एप्रिल-मेमध्ये फळाला पानाची सावली पाहिजेच, तेव्हा फक्त पिवळं आणि मातीला टेकलेलं काढायचं, वरचं पान देवाचं समजून ठेवायचं.

हे सांगायचं कारण असं की नेटवर खालची पानं, खालच्या फांद्या छाटायचं शोधलं की निम्मे व्हिडिओ गांजाच्या झाडांचे येतात, परदेशातले, जिथे कायद्याने परवानगी आहे तिथले. शेजारच्या एका मुलाने त्यातला एक बघून आईच्या मिरचीची मोठी मोठी पानं सगळी काढली, खालचा दोन तृतीयांश भाग बोडका आणि वर झुपका, लॉलीपॉपसारखं. तिकडे ते झाड खोलीत दिव्याखाली, हवा-पाणी-ओल सगळं मोजून वाढवतात, वरच्या फुलोऱ्यालाच किंमत असते म्हणून सावलीतला खालचा भाग काढून टाकतात. मूळ तत्त्व खोटं नाही, सावलीतली फांदी काही कमवत नाही आणि वारा खेळला पाहिजे, ते द्राक्षालाही लागू आणि मिरचीलाही. पण मिरची महिनोन्महिने तोडायची असते, तिला अंगावर पानं हवीत. त्या माउलीची मिरची पंधरा दिवस नुसती उभी राहिली. आणि ज्या कुणाला ते मूळ झाडच लावून बघायची हौस येत असेल त्यांच्यासाठी, आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे, कुंडीतलं एक झाड असलं तरी, शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. गोव्यात किनाऱ्यावर काय काय चालतं असं लोक म्हणतात म्हणून कुणी मुलं हलक्यात घेतात, मला याची खरंच काळजी वाटते. दोन पोरं असलेली बाई म्हणून लिहितेय.

जाईचं लिहिल्याशिवाय म्हार्दोळचं नाव घ्यायचा मला हक्क नाही. आमच्या गावची जाई म्हणजे महालसा देवीची जायांची पूजा, पावसाळ्यात तो दिवस आला की सगळा गाव फुलांच्या वासाने भरतो. आमच्या पाठीमागे एक माई राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर जाई लावली आणि फुलं गुंफली. मी ही कात्री घेऊन डिसेंबरात कुंपणाच्या जाईला भिडले तेव्हा त्या लांबून ओरडल्या, "बाय, इतलें कातरूं नाका!" मग स्वतः आल्या, माझ्या हातातून कात्री घेतली, वजन बघितलं, दोनदा उघडमीट केली, आणि वाळलेल्या, आत आत गेलेल्या बारीक काड्या कुठल्या आणि ज्यावर पुढे कळी धरणार त्या कुठल्या ते एकेक दाखवत कापत गेल्या. जमिनीवर लोळणाऱ्या सगळ्या काढल्या, आतली गर्दी काढली, वरच्या काड्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागेच्या, जरा वर तिरक्या कापल्या, म्हणजे पाणी थांबत नाही. तासभर कापून झाल्यावर म्हणाल्या, एवढी वर्षं कोयतीने केलं, मनगट असं सुटून कधी राहिलं नव्हतं. त्यांना बोटांचा संधिवात आहे. हे वाक्य माझ्यासाठी पाच स्टारपेक्षा मोठं. जाता जाता एक सांगते, ज्यांचा हात लहान आहे त्यांच्यासाठी फेल्कोचं सहा नंबरचं मॉडेल आहे, जरा छोटं, माईंना ते जास्त बरं पडेल असं मला वाटतं, आणि डावखुऱ्यांसाठी नऊ नंबर.

मानकुरादपुढे ही कात्री थांबते, थांबायलाच हवी. अडीच सेंटिमीटरच्या पुढे जोर लावू नका, पाती एकमेकांपासून फाकतात. तिथे करवत. पावसाच्या तोंडावर आंबे उतरून झाले की आईंच्या परवानगीने मधल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि अगदी खालच्या फांद्या काढतो, आधी फांदीच्या खालून अर्धा काप, मग वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेत नाही. खोडाशी फांदी जिथे जोडलेली असते तिथे सालीची एक सुजल्यासारखी कडी असते, ती ठेवायची, तिच्यातूनच जखम भरते. वर बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना दहा लिटर पाण्यात, त्या प्रमाणात हवी तेवढी करायची. आमच्या फोंड्याच्या कुळागरवाल्यांना, म्हणजे सुपारीच्या बागा असलेल्यांना, मोरचूद-चुन्याचं वेगळं सांगायला नको, सुपारीच्या कोळेरोगाला ते पिढ्यान्पिढ्या बोर्डो मिश्रण मारत आलेत, फक्त फवारणीचं पातळ असतं, तेवढाच मोरचूद-चुना शंभर लिटरमध्ये. आणि चिकाची काळजी घ्या, आंब्याचा आणि काजूचा चीक कातडी भाजतो आणि पात्यावर सुकला की दगड होतो, ओला असतानाच स्पिरिटने पुसा.

किमतीचं. भावजींनी आणली म्हणून मला फुकट, पण इथे आयात केलेली घेतली तर काही हजारांना जाते, त्यात साध्या दहा कात्र्या येतील. चार कुंड्या असलेल्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. त्यांनी साधी, देशी बनावटीची, बायपास पद्धतीची, आणि मधे नट-बोल्ट असलेली कात्री घ्यावी, दुकानात उभं राहून ती उजेडाकडे धरून मिटावी, दोन पात्यांमधून उजेड दिसला तर परत ठेवावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि फोंड्याला हार्डवेअरच्या दुकानांत अशा बघून घेता येतात, ऑनलाइन फोटोवर भुलू नका. आणि कोवळ्या पानांसाठी, मिरच्या तोडण्यासाठी माझ्याकडे आईने तासगावहून पाठवलेली द्राक्षमणी विरळणीची छोटी टोकदार कात्री आहे, स्वस्तातली, ती मी फेल्कोइतकीच वापरते, दाट फांद्यांच्या आत जिथे मोठी कात्री शिरत नाही तिथे ती शिरते. पण ज्यांच्याकडे तीस-चाळीस झाडं आहेत, वेल आहेत, रोज तासभर हातात कात्री असते, मनगट दुखतं, त्यांनी पैसे साठवून फेल्को घ्यावी. मी दोन वर्षांत पातं बदललेलं नाही, महिन्यातून एकदा घरीच बारीक दगडावर धार लावते, तीही फक्त तिरक्या बाजूने, सपाट बाजू घासायची नाही.

यंदाच्या पावसाळ्यात वांगी नव्या वाफ्यात, मर न येणाऱ्या जातीची, आणि जुन्या जागेत हळद. मिरच्या चाळीसपैकी सदतीस अजून उभ्या आहेत, तीन चुरडामुरड्याने गेल्या, ते पानं आकसवणारे किडे आणि विषाणूचं काम, त्यावर कुठलीच कात्री चालत नाही, ती झाडं मी उपटून पिशवीत बांधून बाहेर काढली. चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-फुलांच्या चौकटीला) या वर्षी घरच्या मिरचीचा घोस बांधला, खालची पानं काढलेली असल्यामुळे त्यावर मातीचा एक ठिपका नव्हता, आईंनी तो पाण्यात न धुताच बांधला.